खातेदाराची संमती

तुम्ही मगाशी सहज म्हणालात ना, विजेची आणि गॅसची कंपनी बदलायचीय म्हणून? जरूर बदला. फक्त फोनवर थाप मारू नका. मी मारली होती, आणि त्याचं काय झालं ते ऐका. तो दिवा मात्र राहू द्या लावलेला.

हे गेले त्याला सहा महिने झाले होते. दोन्ही खाती ह्यांच्याच नावावर. नाव बदलायचं म्हणजे मृत्यूचा दाखला, अर्ज, खेटे. खरं सांगायचं तर तो दाखला कपाटातून काढायला माझा हात धजत नव्हता. अशातच नव्या कंपनीतल्या मुलीचा घरच्या फोनवर फोन आला. गॅस, वीज दोन्ही आमच्याकडे घ्या, घरात कुणी येणार नाही, तारा त्याच, नळ्या त्याच, फक्त कंपनी बदलेल. बोलायला गोड होती.

"खातेदार आहेत का घरी?" तिने विचारलं.

"आहेत ना. आंघोळीला गेलेत."

नको त्या माणसाचा फोन आला की हे मला असंच सांगायला लावायचे. बारा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"हरकत नाही. त्यांची तोंडी संमती लागेल, आम्ही ती रेकॉर्ड करतो. गुरुवारी चार वाजता फोन करू का?"

करा म्हटलं. आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, गळ घातली. त्याने फोनवर ह्यांचं नाव सांगायचं, मीटरचे आकडे वाचायचे, हो म्हणायचं, संपलं. दादा म्हणाला, "मेलेल्या माणसाची सोंगं काय करायला लावतेस गं?" पण आला बिचारा. गुरुवारी दुपारी तीनलाच आला आणि हो म्हणायची तालीम करत फोनपाशी बसला. मला हसू येत होतं. माझी आठ वर्षांची मुलगी शाळेत होती, घरात आम्ही दोघंच.

वाट बघवेना, म्हणून सव्वातीनला मीच कंपनीला फोन लावला. दादाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. तीच मुलगी होती.

"मॅडम, तुमचं काम झालं की. सकाळी अकरालाच साहेबांशी बोलणं झालं."

अकराला मी शिलाईच्या दुकानात होते. घराला कुलूप होतं.

"कुठल्या नंबरवर केलात फोन?" दादाने विचारलं. तिने आमचाच नंबर सांगितला.

मी म्हटलं, ते रेकॉर्डिंग ऐकवा. थोडी खरखर झाली. आधी तिचा आवाज आला, मग एक बारीक खाकरा. प्रत्येक वाक्याआधी तसा खाकरा काढायची ह्यांना खोड होती. मग आवाज... अहो, तो आवाज मी उशीवर बारा वर्षं ऐकलाय. सावकाश, एकेक आकडा सुटा करून हे मीटर वाचत होते. दादा उठला, जिन्याखालचं मीटरचं कपाट उघडून बघून आला. परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"सकाळचा आकडा म्हणून बरोबर बसतो," एवढंच बोलला.

 आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला आधी बरंच वाटलं. वाटलं, आहेत. कुठेतरी आहेत.

रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. ती मुलगी विचारत होती, गॅस किती लागेल त्याचा अंदाज काढायचाय, घरात माणसं किती?

खाकरा. "दोन."

दादाने सुस्कारा सोडला. हळूच म्हणाला, "बरोबर आहे. तू आणि पोरगी."

फोनमध्ये ती विचारत होती, "दोन म्हणजे साहेब, तुम्ही आणि मॅडम?"

"नाही. मी आणि मुलगी."

आणि मागून, अगदी फोनला चिकटून उभी असावी अशी, माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आईला सांगायचं का?"

"नको. बदल आजपासून लागू करा."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. रद्द करा, तो माणूस मेलाय, सहा महिने झाले मरून, असं काहीतरी. पलीकडे ती मुलगी चाचरायला लागली.

"मॅडम... तुम्हीच म्हणाला होतात ना, आहेत म्हणून..."

भीती वाटली का विचारताय? भीती नंतर. आधी संतापच आला. ज्या माणसाचं दुखणं मी रात्र रात्र जागून काढलं, जो कधी मला वाकडं बोलला नाही, त्याने मला घरात धरलंच नव्हतं.

कुलूप तेवढं लावलं आणि पायात चपला न घालता आम्ही शाळेकडे धावलो. शाळा सुटत होती. माझी पोर दप्तर सावरत फाटकातून आली, धडधाकट, बोटं शाईने माखलेली. मी तिथेच रस्त्यात खाली बसून तिला कवटाळलं.

"अकरा वाजता कुठे होतीस गं?"

"वर्गात. गणित होतं." ती माझ्या अनवाणी पायांकडे बघत होती. मग माझे डोळे पुसत म्हणाली, "रडू नको ना आई. बाबा म्हणाले, तुला काही दुखणार नाही. झोपेतच होईल. आजपासून गॅसला वास येणार नाही."

"कधी म्हणाले?"

"मगाशी. फोनवर."

"वर्गात फोन कुठला, बाळा..."

तिने खांदे उडवले.

दादाने मुलीला आपल्या घरी नेलं. मी चौकातल्या गॅसच्या मिस्त्रीला गाठलं, गळती झाल्यासारखी वाटतेय एवढंच सांगितलं. कुलूप मीच उघडलं, पण उंबरठा ओलांडायचा धीर होईना. म्हातारा मिस्त्री आपलं यंत्र घेऊन एकटाच आत गेला. स्वयंपाकघरातून त्याने हाक मारून सांगितलं, मेन कॉक बंद केलाय, गळती कुठे नाही. मग त्याची पावलं माझ्या झोपायच्या खोलीकडे गेली. 

"बाई, जरा इकडे या."

गेले. माझ्या खिडकीच्या एकूण एक फटीत टॉवेल कोंबले होते. वरचा झरोकाही बुजवला होता. मिस्त्रीने एक टॉवेल ओढून काढला, हाताने पिळून पाहिला. पाणी ठिबकलं.

"हे बाहेरून नाही करता येत," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "आत्ताच केलंय कुणीतरी."

मी शेजारच्या, मुलीच्या खोलीत डोकावले. तिथली खिडकी सताड उघडी होती, आणि तिच्या बिछान्यालगत जमिनीवर आणखी एक बिछाना नीट अंथरलेला होता.