काटेवाल्यांचा हितशत्रू

त्या दिवशी बाबा दुकानात लॅपटॉपवर चिडले होते. म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं.

"परत त्यानंच नेलं," ते म्हणाले. "अगदी शेवटच्या क्षणी येतो आणि तोंडचा घास काढून नेतो."

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे; सगळे त्यांना काटेवाले म्हणायचे. दुकानाच्या कपाटात त्यांची एक जुनी वजनपेटी होती. मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं बसलेली... आणि मधला एक खळगा रिकामा. त्या एका वजनासाठी बाबांनी लिलावाच्या साइटवर खातं उघडलं होतं. तिथे त्यांना त्यांच्याइतकाच वेडा एक औषधदुकानदार भेटला. बाबा त्याला हितशत्रू म्हणायचे. आज ते वजन अखेर लिलावात आलं, आणि हितशत्रूनं ते जिंकलं.

बाबांनी साइटवरच त्याला निरोप लिहिला, मोठ्यानं वाचत. "अरे हितशत्रू, तुझ्या दुकानातल्या डोकेदुखीच्या सगळ्या गोळ्या तुलाच लागोत."

लगेच उत्तर आलं. "काका, जिंकणाऱ्याचं डोकं दुखत नाही."

बाबा गालातल्या गालात हसले.

"एवढा आवडतो तर घरी बोलवा की," मी म्हणाले.

"बोलावू. पण वजन घेऊन आला तरच दार उघडायचं."

मी सहज पेटीतल्या एका वजनाला हात लावायला गेले.

"चिमटा!" बाबा ओरडले. वजन चिमट्यानंच उचलायचं, बोटांचा घाम लागला की ते खोटं होतं, असं ते लहानपणापासून मला सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

लोकांना आत्यानं कळवलं. मी कोणालाच, एकदाही, ते तोंडानं सांगितलं नाही. दुकानातला फोन वाजला की म्हणायचे, "ते दुकानात नाहीत." ते काही खोटं नव्हतं.

मग एके दिवशी बाबांच्या ईमेलवर पत्र आलं. 'प्रिय ग्राहक, बोली जिंकणाऱ्याने माघार घेतली आहे. त्यानंतरची मोठी बोली आपली असल्याने वस्तू आपल्याला देत आहोत. सोबतच्या लिंकवरून आजच रक्कम भरा, अन्यथा संधी जाईल.' वर साइटचं चिन्ह, तेच रंग, सगळं हुबेहूब.

मला पत्र दिसतच नव्हतं. फक्त रिकामा खळगा दिसत होता. मी बँकेचं कार्ड काढलं. पण त्याआधी त्या माणसाचे आभार मानावेत असं वाटलं. बाबांच्या खात्यातून, बाबा होऊन, मी लिहिलं, "नमस्कार. आपण माघार घेतलीत, मी आपला आभारी आहे."

"मी माघार घेतलेली नाही," उत्तर आलं. "वजन माझ्यासमोर टेबलावर आहे. ते पत्र ठगांचं आहे. लिंक दाबू नका. साइटवरच्या तुमच्या खात्यात असा काही निरोप आलाय का बघा."

बघितलं. नव्हता. पत्र पाठवणाऱ्याचा पत्ता आता कुठे नीट वाचला, तो भलताच होता. मी कार्ड परत पाकिटात ठेवलं. तेवढ्यात दुसरा निरोप आला.

"आता दुसरा ठग. तुम्ही काटेवाले काका नाही. ते मला नमस्कार करत नाहीत, शिव्या घालतात. कोण आहात? खातं चोरलं असेल तर आत्ताच साइटला कळवतो."

"त्यांची मुलगी," मी लिहिलं.

"कशावरून?"

"वजनाला हात लावला की ते 'चिमटा!' म्हणून ओरडतात."

"हं. मलाही लिहून ओरडतात. काका कुठे आहेत?"

"ते दुकानात नाहीत."

त्यानं पुढे विचारलं नाही.

"आणि तुम्ही तरी खरे कशावरून?" मी लिहिलं.

"पैसे मागितले नाहीत. घाईही केली नाही."

"घाई न करणारे ठगही असतील."

"असतील... पण ते उपाशी राहत असतील."

मला हसू आलं. रिकाम्या दुकानात ते परक्या कोणाचं तरी वाटलं.

ठगांचं पत्र त्याच्या सांगण्यावरून मी साइटकडे पाठवून दिलं. मग आम्ही रोजच लिहू लागलो. "आज खोकल्याची पुष्कळ गिऱ्हाइकं, आणि एक प्रेमभंगाचं," तो लिहायचा.

"प्रेमभंगावर काय दिलंत?"

"पाणी, आणि बसायला खुर्ची."

"गुण आला?"

"खुर्चीला आला. बरेच दिवस रिकामी होती बिचारी."

पण शेवटची ओळ रोज तीच असायची — "काकांना सांगा, बऱ्याच दिवसांत शिव्या मिळाल्या नाहीत." त्या ओळीला मी कधी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर ते खरं झालं असतं.

एका दुपारी दुकानात एक उंच माणूस आला. चष्म्यावर पावसाचे बारीक थेंब... ते पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"काटेवाले आहेत?"

आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी ओळखला.

"हितशत्रूनं वजन आणलं असेल तरच आत घ्यायचं, असा हुकूम आहे," मी म्हणाले.

त्यानं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. "काकांना द्यायला आणलंय. लिलाव जिंकलो खरा... पण ते गप्प बसले की जिंकण्यात काही राम नाही."

त्यानं फडकं उलगडलं आणि वजन माझ्या उघड्या तळहातावर ठेवलं. थंडगार. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते एवढंसं होतं. त्याची बोटं माझ्या हातापाशी क्षणभर रेंगाळली.

माझी मान आपोआप बाबांच्या खुर्चीकडे वळली.

कोणी ओरडलं नाही.

त्यानंही तिकडे पाहिलं. बाबांच्या टांगलेल्या चष्म्याकडे, झाकून ठेवलेल्या काट्याकडे. मग माझ्याकडे. त्याला कसलीच घाई नव्हती.

वजन माझ्या घामानं ओलं होत चाललं होतं.

"बाबा गेले," मी म्हणाले. मग श्वास घेतला. "आणि तुम्ही... तुम्ही एवढ्यात निघू नका."