वांग्याचा डबा

अमळनेरजवळच्या खेड्यातल्या हितेंद्रला ठिबकच्या नळ्या भरपूर विकल्याबद्दल कंपनीने जपानची सहल दिली, आणि ती नेमकी आखाजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणात, आली. तिथे मोठाल्या दुकानांत तयार जेवणाचे डबे मिळत. संध्याकाळी भाव उतरला की गडी खुशाल दोन-दोन उचलायचा. लिपी वाचता येईना, म्हणून डोळ्यांना रुचेल ते घ्यायचं.

आखाजीच्या दिवशी त्याला भातावर भाजक्या वांग्याच्या फोडी दिसल्या. खानदेशी माणूस, वांगं पाहून हरखणारच! वडिलांना, रतिलालआबांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. थोरल्या मुलाने आगारी टाकायची, म्हणजे पितरांचा घास निखाऱ्यावर ठेवायचा, मगच घराने जेवायचं. हॉटेलात निखारा कुठला? त्याने पहिला घास डब्याच्या झाकणावर काढून खिडकीशी ठेवला.

"आबा, जेवी ल्या."

मग स्वतः घास घेतला, तर दाताखाली बारीक काटा आला. ती वाम होती, सापासारखी लांब मासळी. जन्मभर गळ्यात माळ असलेल्या, माशाचा वास आला तरी ताटावरून उठणाऱ्या आबांना त्याने मासळी वाढली होती. शरमेने त्याला रडूच कोसळलं. वळून पाहिलं, तर झाकण चाटूनपुसून स्वच्छ झालेलं.

दुसऱ्या दिवशी बायकोचा, कामिनीचा, फोन आला.

"गोठामा बकरी फाडी टाकी. गळा बठ्ठा उघडा शे."

"बिबट्या असेल."

"दार बंदच व्हतं. आनि आई नुसती हासस."

पुढच्या दिवशी गाय गेली. आतडी गोठाभर ओढलेली, मुंडकं मात्र गव्हाणीत नीट ठेवलेलं.  हितेंद्रने कामिनीला ताबडतोब माहेरी, दोंडाईच्याला, निघायला सांगितलं आणि स्वतःचं तिकीट बदलून घेतलं.

संध्याकाळी त्याने व्हिडिओ कॉल लावला. गावाकडे तेव्हा भर दुपार होती. फोन आईने, लताबाईने, उचलला. ठेवणीतलं लुगडं, आणि कपाळभर कुंकू.

"कामिनी निघाली का?"

"आबा जेवाले बसेल शेतस."

तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं. बाहेरून कडी. आतून कामिनी दार बडवत होती, त्याला हाका मारत होती.

"आई, कडी काढ!"

"आते त्यासले रांधेल चालत नही," आई समजुतीने म्हणाली.

दारावर काहीतरी आपटलं. पुन्हा आपटलं. दाराखालून रक्ताचा ओघळ आला.

हितेंद्र घसा फाटेपर्यंत ओरडत राहिला.

मग हाका थांबल्या.

आईने पदर सावरला, हात धुवायला तांब्या भरून दारापाशी ठेवला, आणि शेजारी धुतलेला पंचा घडी घालून ठेवला.