तड्याच्या टोकाला ठिपका

निकेश आणि दिपाली पुनाजींच्या दुकानात आले तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. कारंजा घाडगेत, हायवेला लागून असलेल्या गल्लीत पुनाजी काचा कापून विकतात. खिडक्यांच्या, आरशांच्या, फोटोंच्या. काम साधंच होतं. या दोघांनी गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली होती. दुपारी तिच्या खिडकीवर चेंडू बसला आणि काचेला तडा गेला.

"काका, रुंद टेप द्या एक," निकेश म्हणाला. "आजच्यापुरता मारून देतो. मोबाईलवर पाह्यलं मी. दोन्हीकडून टेप लावाचा अन् तड्याच्या टोकाले नेलपॉलिश. पुढं सरकत नाई म्हणे. काच उद्या पाहू."

पुनाजींचा हात टेपच्या डब्यापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला.

"नेलपॉलिशचं कोनं सांगतलं तुले?"

"व्हिडिओत आहे."

"व्हिडिओत." म्हातारा हसला नाही. "मीनंही सांगतलं होतं एकाले. बसा दोघं. दिपाली, तू पुण्याहून शिकून आली, तुले हे खोटं वाटन. वाटू दे."

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. गल्ल्याखालून एक पिवळी प्लॅस्टिकची फाईल काढली, काउंटरवर ठेवली, पण उघडली नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं.

हेमराज त्यांच्या ओळखीचा. डोंगराकडच्या एका निवासी शाळेत कंत्राटावर होता. शाळेचं नाव पुनाजी घेत नाहीत. नळ गळला की हेमराज, दार अडकलं की हेमराज. अकरा महिन्यांची नेमणूक, आणि अधीक्षकांची मर्जी असेल तर पुढचे अकरा महिने. दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात मुलींच्या खोलीतल्या एका खिडकीला तडा गेला. हेमराजने जाऊन सांगितलं. अधीक्षक म्हणाले, "नव्या काचेची मंजुरी वरून येते. तोवर तात्पुरतं कर काहीतरी."

तात्पुरतं हाच त्या शाळेचा कायमचा कारभार होता. छपरावर तात्पुरती ताडपत्री, पंपाला तात्पुरती वायर. हेमराजही तात्पुरताच.

तो टेप घ्यायला पुनाजींकडे आला. पुनाजींनी त्याला शहाणपण शिकवलं. "काच नाई बसवत त निदान एक कर. तडा जेथं थांबला तेथं नेलपॉलिशचा ठिपका दे. मुरलं त धरून ठेवते. अन् ठिपक्याच्या पुढं गेला त समजजो, काच चालली."

आता अडचण अशी, की मुलींच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, असा शाळेचा नियम. त्यामुळे हेमराजचं सगळं काम बाहेरून. स्टुलावर चढायचं आणि गजांमधून हात घालून टेप मारायचा. आतलं काम त्याने रक्षाला दिलं. रक्षा सहावीत होती. तिची सतरंजी त्याच खिडकीखाली असायची. त्याने गजांतून लाल नेलपॉलिशची बाटली तिच्या हातात ठेवली. "रोज पाह्यजो. पुढं गेला त मले सांगजो."

तिने ते वर्गाची मॉनिटर झाल्यासारखं मनावर घेतलं. रोज सकाळी, तोंड धुवायच्या आधी.

"मामा, पुढं गेला."

"किती?"

"बोटभर."

"बरं. उद्या पाहू."

मग ती तड्याच्या नव्या टोकाला नवा ठिपका द्यायची. सतरा दिवस. सतरा ठिपके, काचेवरून तिरपे चढत गेलेले. एकदा सगळ्या पोरींसमोर तिने विचारलं, "मामा, तुमचा उद्या कोनत्या वारी येते?" पोरी खिदळल्या. हेमराजही हसला. ते हसणं त्याला नंतर फार महाग पडलं.

अठराव्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला आणि काच निखळून पडली. हेमराजने भर पावसात पुठ्ठा कापला, पिशवीत गुंडाळला, चौकटीवर बसवून टेप मारला. ओल्या लाकडावर टेप धरत नाही. हे त्याला ठाऊक होतं. "आजची रात्र निघून जाईन," तो आतल्या अंधाराला म्हणाला. "उद्या पाहू."

मध्यरात्री पुठ्ठा एका कोपऱ्यावर लोंबत राहिला. तेवढ्या फटीतून मण्यार आत आला. मण्यारचा चावा झोपेत कळत नाही. रक्षा उठलीच नाही.

सतरा दिवसांत न आलेली मंजुरी त्या सकाळी दोन तासांत आली. पंचनाम्याआधी नवी काच बसली. ती काच पुनाजींनीच कापून दिली होती. एवढी घाई कशाची, हे हेमराजने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. मग अधीक्षकांनी एक जबाब लिहून समोर ठेवला. मुलगी रात्री परवानगीशिवाय एकटी बाहेर गेली, तिथे साप चावला. खोलीच्या खिडकीची काच शाबूत होती. खाली हेमराजने सही केली.

रक्षाची आई धुरपता दोन दिवस फाटकाशी बसून होती. तिने दुसऱ्या कुणाला नाही, हेमराजलाच गाठलं, कारण पोरगी सुट्टीत घरी गेली की याच मामाच्या गोष्टी सांगायची.

"भाऊ, माही पोरगी अंधाराले भ्याची. थे बाहेर काऊन जाईन?"

हेमराज फाटकाची कडी काढायला लागला.

"तुमी पाह्यलं का तिले जातानी?"

तो तिथून निघून गेला. फेब्रुवारीत नेमणूक पुन्हा व्हायची होती.

पंचवीस जानेवारी, दोन हजार चोवीस. गुरुवार. पौष पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला मोठे साहेब येणार होते. ती खोली ऑगस्टपासून बंद होती. कुलूप हेमराजने लावलेलं, किल्ली त्याच्याच करदोट्याला. घाईत बसवलेल्या काचेचा कोपरा खिळ्याने दाबला गेला होता, आणि तिलाही आता तडा गेला होता. त्याच कोपऱ्यातून.

"बाहेरून टेप मार, वरून शुभेच्छांचं बॅनर लावून देऊ," अधीक्षक म्हणाले. "साहेबाले दिसलं नाई पाह्यजे. अन् एक तारखेले तुह्या कागदावर सही कराची आहे मले. ध्यानात आहे नं?"

हेमराज स्टूल घेऊन खोलीमागे गेला तेव्हा रात्रीचे अकरा वीस झाले होते. पोरं दुसऱ्या इमारतीत झोपली होती. थंडी मी म्हणत होती. चांदणं थेट काचेवर पडलं होतं, बॅटरीची गरजच नव्हती.

टेप लावण्याआधी काच पुसावी लागते. त्याने वर्तमानपत्राचा बोळा केला आणि पुसली. धूळ निघाली. तड्याच्या टोकाशी एक लाल कण होता, तो निघाला नाही. त्याने पुन्हा पुसलं. नखाने खरवडलं.

कण आतल्या बाजूला होता.

किडा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग त्याची नजर तड्यावरून मागे सरकली. मागे अजून एक होता. त्याच्या मागे अजून एक. कोपऱ्यापर्यंत. त्याने मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती...

ही काच नवी होती. पंचनाम्यानंतर कुलूप लागल्यापासून खोलीत कुणी गेलं नव्हतं.

त्याने टेप ओढला. चर्र. आवाज फार मोठा वाटला. पहिली पट्टी त्याने चिकटवली, अंगठ्याने दाबत नेली. अर्ध्यावर त्याला जाणवलं. काच त्याच्या दाबाखाली हलत नव्हती. आतून कुणीतरी धरली होती.

त्याच्या अंगठ्याच्या बराच खाली, काचेपलीकडे, एक वाफेचा डाग उमटला. लहान. अगदी खाली, जिथे अकरा वर्षांच्या पोरीचं तोंड येईल तिथे.

डाग विरला. पुन्हा उमटला.

टक्.

तडा सरकला. बोटभर.

"मामा..."

हेमराज हलला नाही.

"पुढं गेला."

...

आवाजात राग नव्हता. रडणं नव्हतं. रोजचाच आवाज. सकाळचा.

आणि हेमराजच्या तोंडून, त्याला कळायच्या आत, सवयीने, रोजच्यासारखंच निघालं...

"उद्या पाहू."

काचेवरची वाफ विरली.



मग तड्याच्या नव्या टोकाला, त्याच्या डोळ्यांदेखत, एक लाल ठिपका आला. हात दिसला नाही. फक्त ठिपका. गोल. नीट. ओला.

टेपचं बंडल कुठे पडलं ते त्याला आठवत नाही. स्टूल सकाळी आडवं सापडलं.

सव्वीस तारखेला झेंडा फडकला, पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं, खोलीच्या खिडकीवर रंगीत बॅनर होतं. साहेब गाडीकडे निघाले तसा हेमराज रांगेतून पुढे आला. अधीक्षकांनी डोळे वटारले. तो थांबला नाही.

"साहेब, त्या रात्री काच नव्हती. पुठ्ठा होता. मीच लावलता. पोरगी बाहेर गेलीच नव्हती. मीनं खोटी सही केली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लेखी द्या," म्हणाले.

त्याने लेखी दिलं. दोन पानं, स्वतःच्या अक्षरात, आणि पोच घेतली. एक तारखेला त्याच्या कागदावर सही झाली नाही. आता तो हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासतो. अधीक्षकांची बदली झाली, चांगल्या जागी. खोलीला रंग मारला. काच बदलली. जबाबाचं काय झालं ते विचारायला हेमराज धुरपताला घेऊन कचेरीत जातो. प्रकरण विचाराधीन आहे म्हणतात. उद्या या म्हणतात. ती बाई डोंगरातून पहाटे निघते, दोन गाड्या बदलून येते, आणि 'उद्या' ऐकून परत जाते. पोरगी नियम मोडून बाहेर गेली, हे सरकारी कागदावर आजही तसंच आहे.

पुनाजींचं सांगून झालं. बाहेरून एक ट्रक गेला. भिंतीला टेकवलेल्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"काका," दिपाली हळू म्हणाली, "तो कागद...?"

"हा त्याचाच झेरॉक्स." त्यांनी पिवळी फाईल तिच्याकडे सरकवली. "घरी ठेवाले भेते तो. तू अर्ज-गिर्ज लिहतं म्हणे, म्हणून दाखवून राह्यलो. पाह्य. पण पयले दुसरं पान पाह्य."

तिने फाईल उघडली. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर हेमराजचं मोठं, कष्टाने काढलेलं अक्षर होतं. दुसऱ्या पानावर त्याच्या सहीनंतर लाल ठिपक्यांची ओळ सुरू होत होती. तिरपी, वर चढत जाणारी.

"शाईचे हाये का?" निकेशने विचारलं.

"हात लावून पाह्य."

त्याने बोट फिरवलं. ठिपके उंचवट्यासारखे लागले. गुळगुळीत. कडक.

"कचेरीतून 'उद्या' ऐकून आला का एक वाढते," पुनाजी म्हणाले. "मी लावत नाई. तो लावत नाई. अकरा चकरा झाल्या त्याच्या. मंगळवारी अकरावी झाली. आज सकाळी दुकान उघडल्यावर मोजले मीनं. अकरा."

दिपाली ओठ हलवत मोजत होती. शेवटी पोचली. परत पहिल्यापासून मोजायला लागली.

"काका..."

"काय?"

"बारा आहेत."

पुनाजींनी चष्मा लावला. कागद दिव्याखाली धरला. खूप वेळ धरला. मग त्यांनी निकेशकडे पाहिलं.

निकेशच्या कानात दारातून आत येतानाचे आपलेच शब्द वाजले, 'काच उद्या पाहू.' त्याने हातातला मोबाईल उलटा करून खिशात घातला.

"काका," तो म्हणाला, "टेप नको. काच कापा. आत्ता."

पुनाजींनी फूटपट्टी उचलली. दिपाली अजून कागदाकडेच बघत होती. बारावा ठिपका ओळीत सगळ्यात वर होता. तिने त्याला बोट लावलं. मग बोट उजेडात धरलं.

बोट लाल झालं होतं.