रांगेतली शेवटची

राजश्री माळरानाची गाइड. सोलापूरहून पाहुणे येत, तेव्हा ती त्यांना सकाळी एका रांगेत चालवत न्यायची आणि काळवीट, लांडगे, नशीब असेल तर माळढोक दाखवायची. पुढे ती, मध्ये पाहुणे, शेवटी धाकटी बहीण संघप्रिया. संघप्रियाच्या तोंडाचा पट्टा घरी अखंड चालू असे, पण माळावर बोलायला बंदी. म्हणून दोघींच्या खिशात दोन-दोन गारगोट्या असत. राजश्रीने दोनदा ठोकलं की विचारणं, ‘सगळे आहेत ना?’ मागून एक टोला आला की ‘आहेत.’ आणि राजश्रीने तीनदा ठोकलं की ‘मागं पडलीस, रांगेला लाग.’

गाइडने मागे वळायचं नाही, हा नियम. एक वळला की सगळे वळतात आणि जनावरं उधळतात.

त्या जानेवारीत सात पाहुणे होते. गवत गुडघ्याएवढं, वाळलेलं. दूर एकच बाभूळ, बाकी क्षितिजापर्यंत मोकळं. काळविटांचा कळप दिसला, तेव्हा पाहुणे हरखले. राजश्रीला मात्र खटकलं. कळप रांगेकडे बघतच नव्हता. सगळ्या माना रांगेच्या मागे, बाभळीकडे वळलेल्या होत्या.

तिने दोनदा ठोकलं. टोला आला, पण लांबून. कार्टी फोटो काढत रेंगाळली असणार, असं म्हणून राजश्री चिडली आणि तिने तीनदा ठोकलं.

वाळक्या गवतातून कुणीतरी धावत आल्याचा आवाज झाला. मग शांतता.

तिने पुन्हा विचारलं. या वेळी टोला अगदी जवळून आला, सातव्या पाहुण्याच्या पाठीशी. तिला हायसं वाटलं.

आणि लगेच दुसरा टोला आला. पहिल्यासारखाच, लांबून.

तिच्या मागे चालणाऱ्या शाइस्ता मॅडम शाळेत शिकवणाऱ्या, सहजी घाबरणाऱ्या नव्हेत. त्या कुजबुजल्या, “मॅडम, पीछे कोई रै गया क्या?”

राजश्रीने नियम मोडला. वळून बघितलं. सात पाहुणे. शेवटी संघप्रिया, तोच तांबडा स्कार्फ, मुठीत गारगोट्या. राजश्रीने तिच्याकडे बघतच दोनदा ठोकलं. संघप्रियाची मूठ हलली नाही.

टोला बाभळीकडून आला.

राजश्री धावली. बाभळीभोवती गवत तसंच उभं होतं, ससा लपला तरी दिसावा इतकं विरळ. “संघे!” ती ओरडली.

“ताई, मी हितंच हाय की,” मागून संघप्रिया म्हणाली. आवाजात काही म्हणजे काही खोट नव्हती.

पाहुणे घड्याळं बघू लागले. काय सांगणार त्यांना? बहीण हरवलीय, आणि ती ही बघा तुमच्या शेजारी उभी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. राजश्रीला रडू आलं, पण तिने रांग पुन्हा लावली आणि सगळ्यांना जीपपाशी आणलं. वाटेत तिने एकदाही ठोकलं नाही. तरी मागून टोले येत राहिले. कुणी विचारलं नसतानाही. घाईघाईने.

जीप सुटली, तसे ते थांबले.

घरी दुपारी आईने, मीनाबाईंनी भाकऱ्या टाकल्या. संघप्रिया मुकाट जेवत होती. “आज बरी गप हाय गं ही,” आई कौतुकाने म्हणाली. “थकली असंल.”

हे सगळं आपलेच भास असावेत, असं राजश्रीला मनापासून वाटत होतं. एकदा खात्री करावी म्हणून तिने ओढणीआड गारगोट्या धरल्या आणि हळूच दोनदा ठोकल्या.

समोर बसलेली संघप्रिया भाकरी मोडत राहिली.

अंगणाच्या कुंपणापाशी एक टोला वाजला. दमल्या हाताचा. एवढं अंतर चालून आल्यासारखा.

“बाहेर कोण हाय गं?” मीनाबाईंनी विचारलं.



“कुणी न्हाय, आई,” संघप्रिया म्हणाली. उठली, हात धुतले आणि दाराला आतून कडी घातली.