सात ताटल्यांचं गवत

"आक्का! आयेच्या तोंडचं औषध तू पितेस?"

दारात उभ्या असलेल्या जयदेवचा आवाज असा काही चढला, की शालननं ओठाला लावलेला पेला कलंडला आणि हिरव्या रसाचा ओघळ तिच्या हनुवटीवरून खाली उतरला. आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती! बुवापाड्यातल्या त्या दीड खोलीच्या घरात खिडकीखाली गव्हाच्या सात ताटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. रोज एक पेरायची, आठव्या दिवशी तिचं गवत कापायचं, पाट्यावर वाटून फडक्यातून पिळायचं आणि तो रस आईला पाजायचा, हे तिला तिच्या या धाकट्या भावानंच शिकवलं होतं. उल्हासनगरात तो ज्या कापडाच्या दुकानात कामाला होता, तिथल्या सेठनं त्याला एक पुस्तिका दिली होती. गव्हाच्या गवतातल्या सत्त्वानं आणि ओल्या हळदीनं कॅन्सरची गाठ विरघळते, असं तिच्यात छापलं होतं. तेव्हापासून दर रविवारी तो गव्हाची पिशवी घेऊन यायचा, ताटल्या निरखायचा आणि समाधानानं परत जायचा. आज गुरुवार, पण सेठच्या घरी मयत झाली म्हणून दुकान बंद, आणि हा असा भरदुपारी अवचित दारात!

"बोल ना! कंपनीनं कमी केलं म्हणून आता आयेच्या घोटावर आलीस? तरीच तिच्या अंगाला काही लागत नाही! मी तिकडे सगळ्यांना सांगत फिरतो, मेरी बहन है तो टेन्शन नहीं म्हणून... आणि तू?"

शालननं पदरानं हनुवटी पुसली. गेले सहा आठवडे तिचे पाय दुखत होते, कंबर दुखत होती, आणि आता तर रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. कंपनीनं तिला कमी केलं नव्हतं. चौदा वर्षांची कायम नोकरी तिनं आपल्या हातानं सोडली होती, कारण रजा संपल्या होत्या आणि आईला रोज परळच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पण हे याला सांगायचं कसं?

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांच्या, शिवरामांच्या, घशात गाठ निघाली होती. विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे म्हणून दवाखान्यानं संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा वीस वर्षांच्या जयदेवनं सही केली, आणि तिसऱ्या आठवड्यात वडील गेले. दुखणं फार पुढे गेलंय, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण "या हातानं बापाला मारलं" असं म्हणत हा पोरगा महिनोन्‌महिने घुमा होऊन बसलेला तिनं पाहिला होता. म्हणून यंदा, मिश्री लावून लावून आईच्या हिरडीलाच गाठ आली, तेव्हा त्यानं बजावलं होतं, शेकाचं नाव काढायचं नाही. त्या रात्री... किती आकांत केला होता त्यानं!

शालन एकटीच परळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. गवताचं, हळदीचं सगळं तिनं विचारलं. बाई हसल्या नाहीत, हे तिच्या कायम लक्षात राहिलं. "हळदीत, पालेभाज्यांत काय काय आहे, त्याचा शोध चाललाय, उद्या त्यातून औषधही निघेल कदाचित. पण आज या गाठीला शेकच हवा. आणि शेक सोसायचा तर पोटात अन्न हवं. जे गिळवेल ते द्या."

तिनं कागदावर सही केली, आणि घरी येऊन पहिली ताटली पेरली.

"आक्का, आता तू बोलणार आहेस का नाही?" जयदेव ओरडला, तशी आतल्या खाटेवर त्यांची आई, पुतळाबाई, जागी झाली. वारा लागतो असं सांगून ती दर रविवारी गालाला फडकं गुंडाळून बसायची. आता ती भिंतीला धरून उंबऱ्यापाशी आली आणि काही न बोलता तिनं ते फडकं सोडलं.

गाल काळवंडला होता. जबड्यापासून गळ्यापर्यंत जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या होत्या, शेकाची जागा चुकू नये म्हणून मारतात तशा. वडिलांच्या गळ्यावर त्या पाहिलेला माणूस त्या विसरूच शकत नव्हता!

"आये... हे..."

"अठ्ठावीस शेक झालं," पुतळाबाईच्या तोंडातून शब्द कष्टानं निघत होते. "पाच ऱ्हायलं. तुझा रस... आग करतो रं तोंडात. तू पिळायला लावलास, तो वाया कसा घालवायचा... म्हणून पिते ती."

जयदेव आईच्या पायांशी बसला. "मला का नाही सांगितलंस, आक्का? मी काय परका होतो?"

शालननं हातातला पेला खाली ठेवला. "तुला सांगितलं असतं, तर सही तुलाच करावी लागली असती, जया! आयेचं काही बरंवाईट झालं असतं तर... एकदा तुला तसा बसलेला पाहिलाय मी. पुन्हा नव्हतं पाहायचं. दोष यायचा तो माझ्या माथ्यावर येऊ दे म्हटलं!"

तो ढसाढसा रडला. शालननं चुलीवरचं पातेलं उतरवून त्याच्यापुढे ठेवलं. आत गव्हाचा चीक होता, मऊ, तांबूस, गूळ घातलेला.

"दीड महिना एवढंच गिळवतंय तिला. तुझेच गहू आहेत हे. मूठभर पेरते, बाकीचे भिजवून चीक काढते. तुझ्या गव्हावरच तगलीय ती, जया... गवतावर नाही, एवढंच."

जयदेवनं डोळे पुसले, वाटी-चमचा घेतला आणि चीक फुंकून फुंकून आईला भरवला. पुतळाबाईनं सगळी वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला परळला न्यायला तोच निघाला. "तू झोप, आक्का," म्हणाला. शालन खरंच आडवी झाली; किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना. पण डोळा लागतो न लागतो तोच तो दारातून परत आला.

"आक्का, त्या कागदावर तुझ्या सहीखाली जागा असेल का गं?"

"कशाला रे?"

"माझीही करतो," जयदेव म्हणाला.