संवाद नसलेली भूमिका

आमच्या हौशी नाट्यगटात एक अलिखित नियम आहे. ज्यांच्या घरून तालमीला चहा-पोहे येतात, त्यांच्या मुलांना नाटकात काम द्यायचं. सिंगापूरमध्ये मराठी नाटक करायचं म्हणजे नटांपेक्षा पालकांची मनं जास्त सांभाळावी लागतात. एका खुनाच्या नाटकात आम्ही इन्स्पेक्टरच्या मागे हवालदारांची रांगच उभी केली होती आणि त्यातला सगळ्यात थोराड हवालदार चौथीत होता. कुणाला काही खटकलं नाही. पुण्यातले आजी-आजोबा तर व्हिडिओ बघून धन्य झाले.

यंदाचं नाटक माझ्या बायकोनं, सुलेखानं आणलं. आम्ही क्लेमेंटीत राहतो आणि ती तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. विद्यापीठात पाहुणी लेखिका म्हणून आलेल्या ऑर्ला नावाच्या आयरिश बाईंशी तिची गट्टी जमली होती. बाईंचं आडनाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. वय साठीच्या पुढे. कविता आणि नाटकं आधी आयरिश भाषेत लिहायची आणि मग स्वतःच इंग्रजीत आणायची, अशी त्यांची रीत. पहिला संग्रह विशीत, मग नाटकं, मानसन्मान, आणि त्यानंतर नुसता प्रवास. कॅनडा, प्राग, न्यूझीलंड, कोरिया, आता इथे. सुलेखा हे सगळं कौतुकानं सांगत होती.

"एका गावात दोन वर्षं टिकलेली दिसत नाही तुझी मैत्रीण," मी म्हटलं. "कुणाला चुकवत फिरते की काय?"

"तुला प्रत्येक माणसात धोका दिसतो."

त्यात तिची चूक नव्हती. मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम विभागात आहे. काय काय बिघडू शकेल याचे अंदाज बांधण्याचाच मला पगार मिळतो.

नाटक साधं होतं. समुद्राकाठचं घर, आई, वडील, आणि एक मुलगी जी किनाऱ्यावरच्या वाळूत खेळायला गेली आणि परत आली नाही. आई रोज संध्याकाळी तिचं पान मांडते, तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते आणि उत्तरासाठी थांबते. मूळ आयरिश नाटकात त्या मुलीला संवाद होते. ऑर्लानं इंग्रजी करताना ते सगळे काढून टाकले आणि तिथे फक्त विराम ठेवले. सुलेखानं इंग्रजीवरून मराठी केलं. परवानगी देताना ऑर्लाची अट एकच होती, खुर्ची रिकामी ठेवायची. सुलेखानं मान डोलावली.

मग आमचा नियम आडवा आला. यंदा चहा-पोहे आमच्याकडून होते आणि आमची गार्गी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इथल्या इंग्रजीत. "जेवलीस का?" विचारलं की "ईटन ऑलरेडी लाह!" सुलेखाच्या जिवाला ते फार लागायचं. मराठी नाटक करणाऱ्या बाईच्या पोटी ही, असं ती हसत म्हणायची, पण त्या हसण्यात काही दम नसायचा.

"नुसतं बसायचंय तिला खुर्चीत," सुलेखा म्हणाली. "बोलायचं नाहीये, म्हणजे मराठीचाही प्रश्न नाही. आणि ऑर्ला प्रमुख पाहुणी म्हणून येणार आहे, तिला सरप्राइज."

मला ती कल्पना आवडली होती. उगाच आता शहाणपणा सांगत नाही.

तालमी रविवारी सकाळी सारंग राहतो त्या काँडोमधल्या हॉलमध्ये व्हायच्या. सारंग वडिलांचं काम करत होता, आणि आईचं नीता. हॉलला एका बाजूनं काच, काचेपलीकडे पोहण्याचा तलाव, क्लोरीनचा वास आणि पोरांचा दंगा. आत एसी इतका थंड की नीता शाल घेऊन बसायची. प्रकाश आणि ध्वनी माझ्याकडे होते. विरामानंतर दिवा नेमका कधी बदलायचा ते ठरवायला मी घड्याळ लावून बसलो, आणि तिथे पहिल्यांदा मला काहीतरी विचित्र दिसलं. विराम लहानमोठे होते. कुठे क्षणभर, कुठे चांगला लांब. पण नीता आणि सारंग दोघं त्यातून एकाच वेळी बाहेर यायचे, एकमेकांकडे न बघता.

"तू मनात काही मोजतेस का?" मी नीताला विचारलं.

"नाही रे."

"मग पुढचं वाक्य कधी घ्यायचं ते कसं कळतं?"

"तिचं बोलून झालं की घेते," नीता सहज म्हणाली. मग स्वतःशीच हसली आणि हसता हसता थांबली. तिनं खुर्चीत बसलेल्या गार्गीकडे पाहिलं. गार्गी पाय हलवत बसली होती. नीतानं शाल घट्ट ओढून घेतली आणि चहा झाला का म्हणून विचारलं.

त्याच आठवड्यात जेवताना सुलेखानं नेहमीसारखं विचारलं, "वाढू का गं तुला?"

"नको आई," गार्गी म्हणाली. "मी तिकडे जेवून आले."

आम्ही दोघं बघतच राहिलो. उच्चार स्वच्छ, शेपटाला 'लाह' नाही. 'तिकडे' म्हणजे कुठे हे विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. सुलेखाचे डोळे भरून आले. ती हात धुवायच्या आधी पुण्याला फोन लावून मोकळी झाली. "आई, गार्गी बोलायला लागली गं!" माझाही ऊर भरून आला होता. त्या दिवसांत आमच्याइतकं सुखी घर सिंगापुरात नसेल.

गार्गी रोज थोडं थोडं बोलायची. "केस ओले कसे गं?" असं सुलेखानं विचारलं तर म्हणाली, "ओले नाहीत, तिकडे सगळ्यांचे असेच असतात." मी तिचं डोकं चाचपून पाहिलं. केस कोरडे होते, पण गार. सुलेखा म्हणाली, कल्पनाशक्ती बघ पोरीची.

मग शाळेतून फोन आला. गार्गी वर्गात उत्तर देत नाही, हाक मारली तर नुसती बघत राहते. आम्ही कान तपासून घेतले. कान उत्तम होते.

शनिवारी सकाळी मी तिला खाली खेळायच्या जागेत घेऊन गेलो. तिची जिवलग मैत्रीण घसरगुंडीवरून ओरडली, "गार्गी, कम लाह! क्विक!" गार्गी जागची हलली नाही. तिनं माझा शर्ट धरला आणि हळूच विचारलं, "बाबा, ती मुलगी काय म्हणतेय?"

मी मागच्या बाकावर टेकलो. माझी मुलगी मला जन्मापासून पापा म्हणत आली होती.

त्याच बाकावर बसून मी मोबाइलवर सुलेखाची संहिता उघडली. 'वाढू का गं तुला?' आणि खाली विराम. 'केस ओले कसे गं?' आणि विराम. घरात गार्गी बोललेलं एकेक वाक्य त्या मोकळ्या जागेत चपखल बसत होतं. ती वाक्यं आमच्या संहितेत नव्हती. आयरिश संहिता तर सुलेखानंही कधी पाहिलेली नव्हती.

गार्गीला घरी सोडून मी तडक ऑर्लाच्या क्वार्टरवर गेलो. दुपारची वेळ होती. बाहेर कोकीळ ओरडत होता, इथे तो बाराही महिने ओरडतो. तिनं चहा ठेवला. मी गार्गीची वाक्यं जमतील तशी इंग्रजीत सांगितली. तिसऱ्या वाक्याला तिनं कप खाली ठेवला आणि पुढचं वाक्य स्वतःच म्हटलं.

"'खिडकी लावू नकोस, माझ्यामागून कुणी येत नाहीये.' हे म्हणाली का?"

"काल म्हणाली."

"खुर्चीत कुणाला बसवलंत?"

"माझ्या मुलीला."

ती उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, "आयरिशमध्ये ते नाटक एकदाच झालं. आमच्या गावात. ते काम माझ्या मुलीनं केलं होतं. तिला आमची भाषा नको असायची. शाळेतली भाषा तिला पुरायची."

"मग?"

"प्रयोग छान झाला. आम्ही घरी गेलो. आता ती डब्लिनला असते, शिकवते. माझ्यापेक्षा सुरेख आयरिश बोलते. मी जिथे जाते तिथे मला भेटायला येते."

"हे तर चांगलंच आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"तिला सगळं आठवतं. पहिली सायकल, मांजराचं नाव, सगळं. फक्त माझी मुलगी अंधाराला फार भ्यायची. ही कधीच भ्याली नाही."

मी विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, "तिला नाटकातून काढा. शेवटचं वाक्य तिला बोलू देऊ नका." मग तिनं दार उघडून धरलं. दुसऱ्याच दिवशी ती सिंगापूर सोडून गेली. प्रमुख पाहुणीनं ऐनवेळी तोंडघशी पाडलं म्हणून सुलेखा दिवसभर चिडली होती.

प्रयोग रद्द करा असं मी घरी म्हणून पाहिलं.

"कारण काय सांगायचं लोकांना?" सुलेखा म्हणाली. "आमची मुलगी मराठी बोलायला लागली, म्हणून? प्रबोध, तू झोप जरा."

रद्द करायचं मी सोडून दिलं. पण गार्गीला खुर्चीत बसवणार नाही, यावर मी अडून बसलो. अटच तशी होती, आणि आपण ती मोडली, एवढं मी धरून ठेवलं. शेवटी सुलेखानं ऐकलं. खुर्ची रिकामी राहणार होती. जोखीम कमी करायचा याहून सरळ उपाय मला माहीत नव्हता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाल आली. पाल दिसली की गार्गी किंकाळ्यांनी सगळा ब्लॉक डोक्यावर घ्यायची. आता ती स्टुलावर चढली होती आणि एका बोटानं तिची पाठ कुरवाळत होती. पाल हलत नव्हती.

प्रयोग पुढच्या रविवारी दुपारी होता. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, अगरबत्तीचा वास हॉलभर पसरला. मी मागे दिव्यांच्या टेबलाशी बसलो आणि गार्गीला शेजारी घेतलं. तिसरी घंटा झाली. पडदा सरकला. मेजाशी तीन खुर्च्या होत्या, मधली रिकामी.

मी डाव्या हातानं गार्गीचा हात धरून ठेवला होता. उजवा दिवे मंद करायच्या दांडीवर.

नीता अप्रतिम काम करत होती. पण ती विरामांत वेगळंच काहीतरी ऐकत असावी. तालमीत ती हलकं हसायची तिथे आता तिच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. एकदा ती खुर्चीकडे वाकली आणि तिनं सारंगकडे पाहिलं. सारंगनं मान खाली घातली.

गार्गी ओठ मिटून बसली होती. एकदाही ते हलले नाहीत. माझा श्वास हळूहळू मोकळा होत होता.

शेवट आला. आई विचारते, 'आता इथेच राहशील ना गं?' त्यावर विराम, आणि मग मी दिवे घालवायचे.

"आता इथेच राहशील ना गं?" नीता म्हणाली.

मी गार्गीकडे पाहिलं. ती गप्प होती. सुटलो, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

विराम लांबला.

नीताचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती खुर्चीकडे बघत नव्हती. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून ती थेट माझ्याकडे बघत होती.

मग मलाही ऐकू आलं. मेजामागून, त्या रिकाम्या खुर्चीतून. रडून रडून बसलेला, लहान आवाज.

"पापा? पापा, कॅनॉट सी यू लाह. आय वाँट गो होम."

मी उठायला गेलो. डाव्या हातातला हात सुटेना.

"बाबा," शेजारून गार्गी म्हणाली. स्वच्छ, गोड मराठीत. "संपलं ना नाटक? घालवा आता दिवे."

प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले. पहिल्या रांगेत सुलेखा डोळे पुसत उभी राहिली.

मी दिव्यांवरचा हात उचलला नव्हता. त्यावर एक छोटा, गार तळवा आला आणि तो हळूहळू खाली नेऊ लागला.