डावा इंडिकेटर

मी मूळचा परभणीचा. आयटीआय करून बोईसरला आलो, तीन वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि मग स्टेशनरोडला दुचाकींच्या वायरिंगचं दुकान टाकलं. इकडच्या खाऱ्या हवेत या धंद्याला मरण नाही. गंज चढतो, अर्थिंग सुटतं, तार तुटते. इंडिकेटर बिघडायला एवढीच कारणं असतात, असं मी सत्याऐंशी सालच्या दिवाळीपर्यंत छातीठोक सांगायचो.

दिवाळीनंतर चार दिवसांनी चंद्रकांताबाई दुकानात आल्या. खाडीपलीकडच्या नव्हे, इथल्याच मुरबे गावच्या. तिशी ओलांडलेल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, आणि मोटारसायकल स्वतः चालवत आलेल्या. मागे मासळीची पाटी बांधलेली. अख्खा रस्ता बघत होता आणि त्यांचं त्याकडे लक्षही नव्हतं.

डावा इंडिकेटर आपोआप लागतो, एवढंच त्या म्हणाल्या. कुठे लागतो, हे मी विचारल्यावर सांगितलं. खाजणाच्या फाट्यावर. रोज तिथेच.

मुरब्याहून बोईसरला येताना तो फाटा लागतो. डाव्या हाताला एक कच्ची वाट खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीतून, खाडीच्या बांधापर्यंत जाते आणि संपते. त्यांचा नवरा कमलाकांत याच गाडीवरून बोईसरला कामाला यायचा. वैशाखात एका सकाळी तो कामावर पोचला नाही. गाडी बांधावर स्टँडला लावलेली सापडली, डावा इंडिकेटर चालू. तो सापडला नाही.

सासरची माणसं म्हणत होती, तो बोलावतोय, एकदा बांधावर जाऊन ये. भगतानेही तेच सांगितलं होतं.

"तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"नाय. तो मला सांगून गेलता काय? मंग मी कशाला जाऊ? मला दोन पोरी हायेत, सातच्या आत बाजार गाठायचा हाय. तू तेवढा दिवा बंद कर, मिस्त्री."

मी गाडी ठेवून घेतली. बॅटरी तपासली, स्विच उघडून घासला, चारही होल्डर साफ केले. डाव्या बाजूची तार टाकीखाली घासली गेली होती, ती नवी ओढली. फ्लॅशरही बदलला. फ्लॅशर म्हणजे दिव्याची उघडझाप करणारी काड्यापेटीएवढी डबी. तिची टिकटिक दुकानात एकसारखी ऐकू आली. काम झालं.

दुसऱ्या दिवशी बाई परत. फाट्यावर पुन्हा लागला.

मला राग आला. माझ्या हातचं काम कधी परत येत नव्हतं. त्यांना दुकानात बसवून मी स्वतः गाडी घेऊन मुरब्याच्या बाजूला गेलो आणि तिथून वळून फाट्याकडे आलो. सकाळचे दहा वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं. खाजणात बगळे उभे होते, चिखलाचा वास येत होता.

फाटा वीस पावलांवर असताना डावा दिवा लागला. स्विच मध्यावर होता.

मी गाडी बंद केली. बाजूचं झाकण काढून बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या. दिवा चालूच होता. फ्लॅशर उपसून शर्टाच्या खिशात टाकला. तेव्हा कुठे दिवा विझला.

मी हसलो. आणि मग छातीशी टिकटिक ऐकू आली.

खिशात हात घातला. डबीच्या दोन्ही पिना मोकळ्या होत्या. एकही तार नाही. डबी गार होती आणि तळहातावर ठोके देत होती.

ती तशीच मुठीत धरून मी उभा राहिलो. डावीकडे बघायचं नाही, एवढं ठरवलं. का ठरवलं, ते सांगता येणार नाही. मग तारा जोडल्या आणि सरळ निघालो. फाटा मागे पडल्यावर डबी थांबली.

दुकानात आल्यावर मी बाईंना सगळं खरं सांगितलं आणि गाडी विकून टाका म्हणालो. त्यांनी उठून गाडीचं हँडल धरलं.

"बारा वरसं त्याच्या मागं बसले," त्या म्हणाल्या. "तो वळंल तिकडं वळले. आता हँडल माज्या हातात हाय. काढ ते सगळं."

मी सगळं काढलं. चार दिवे, स्विच, तारा; फ्लॅशर आधीच काढलेला होता. इंडिकेटरचं म्हणून गाडीवर काहीही ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा डावा हात पदराखाली होता. इन्सुलेशन टेप मागितली. कशाला, म्हणून विचारलं, तर हात बाहेर काढला. फाट्यावर हा हात रोज आपोआप उचलला जात होता, म्हणाल्या, सरळ डावीकडे, वळणारा माणूस दाखवतो तसा. आज तर त्याच्यासोबत हँडलही वळायला लागलं होतं.

मी पुन्हा गाडी विकायचं काढलं.

"गाडी विकीन. हात कुठं विकू?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी सायकलने मुरब्याला गेलो. त्यांचं मनगट हँडलच्या मुठीला टेपने बांधलं. क्लच दाबण्यापुरती बोटं मोकळी ठेवली. मनगट त्या डबीसारखंच गार लागलं. त्या समोर बघत होत्या. मी सायकलने आधी फाट्यावर जाऊन थांबलो.

त्या आल्या.

वेग कमी केला नाही.

फाट्यापाशी डावा खांदा उचलला गेला, टेप ताणली गेली, चाक हातभर डावीकडे सरकलं. बाईंनी दात आवळले आणि उजव्या हाताने हँडल ओढून सरळ केलं. माझ्या समोरून त्या गेल्या, डांबरी रस्त्याने, बोईसरकडे. मी मोठ्याने "शाबास" म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं.

तासाभराने मी बाजारात गेलो. चंद्रकांताबाई पाटीपुढे बसून उजव्या हाताने कोळंबीचे वाटे लावत होत्या. गिऱ्हाइकांशी ठसक्यात भाव चालला होता. डावा हात मांडीशेजारी गोणपाटाखाली होता. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "सरळ आले ना? मंग झालं. उद्या पण सरळच येणार."

मी मान डोलावली. फाटा तिथून सहा मैल मागे होता.

गोणपाट वर येत होतं, खाली जात होतं. वर येत होतं, खाली जात होतं.